रडार : मुंबई परिसरातील इतिहास व उपयोग

रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दूरच्या वस्तूचे अस्तित्व, दिशा व अंतर निश्चित करणाऱ्या साधनाला रडार म्हणतात. ‘रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग’ या इंग्रजी शब्दसमूहावरून हे नाव अमेरिकी नौदलात १९४० मध्ये रूढ झाले. अंधार, धुके व ढग यांतूनही रडारला वेध घेता येतो. मुंबईत २००५ चा महापूर व २००८ चा दहशतवादी हल्ला या दोन घटनांमुळे या साधनाची गरज आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी ठळकपणे पुढे आल्या.

तत्त्व : रडारच्या प्रेषकातून रेडिओ तरंगांचे अत्यल्प कालावधीचे स्पंद फिरत्या आकाशकाद्वारे एका अरुंद शलाकेत सोडले जातात. वाटेतील वस्तूवर आदळून त्यांचा अल्पांश परत येतो व ग्राहीत त्याचे विवर्धन केले जाते. तरंगांचा वेग सेकंदाला सु. ३ लाख किमी. असल्यामुळे जाण्यायेण्यास लागलेल्या काळावरून अंतर कळते, तर आकाशकाच्या रोखावरून दिशा कळते. कुलाबा वेधशाळेपासून गिरगाव चौपाटी सरळ रेषेत सु. ६ किमी. आहे, तेथपर्यंत जाऊन परत येण्यास स्पंदाला सु. ४० मायक्रोसेकंद (१ मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) पुरतात. वस्तूचे अंतर दुप्पट झाले की परत येणारी शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. शिवाय पृथ्वीच्या वक्रतेमुळे क्षितिजापलीकडील वस्तू दिसत नाही. समुद्रसपाटीपासून २५ मी. उंचीवरील आकाशकाचे क्षितिज सु. २० किमी. वर असते. वस्तू जवळ येत असेल, तर परत आलेल्या तरंगांची कंप्रता वाढते व दूर जात असेल, तर घटते. डॉप्लर परिणाम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फरकावरून गती मोजता येते. रस्त्यावरील वाहनांचा वेग तपासणारे उपकरणही याच तत्त्वावर चालते.

इतिहास : रेडिओ तरंगांचे परावर्तन हाइनरिख हर्ट्‌झ यांनी १८८०–९० च्या दशकात प्रयोगाने दाखविले. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग करणारे उपकरण क्रिस्टियान ह्यूल्समायर या जर्मन संशोधकांनी १९०४ मध्ये तयार केले. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉटसन-वॉट व आर्नल्ड विल्किन्स यांनी फेब्रुवारी १९३५ मध्ये डॅव्हेंट्रीजवळ विमानाचा वेध घेऊन दाखविला. पुढे उभारलेल्या किनारी रडार-साखळीचा १९४० च्या हवाई युद्धात इंग्लंडला मोठा उपयोग झाला. त्याच वर्षी जॉन रँडल व हॅरी बूट यांनी विकसित केलेल्या विवर मॅग्नेट्रॉनमुळे सु. १० सेंमी. तरंगलांबीची लहान व शक्तिमान रडारे शक्य झाली. त्या काळी लष्करी निरीक्षकांना पावसापासून येणारे परावर्तन हा अडथळा वाटे. युद्धानंतर त्यातूनच हवामान रडार विकसित झाले.

हवामान : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मुंबई, गोवा, कोची व भूज येथे चक्रीवादळ-शोधक रडारे बसविण्यात आली. चेन्नई येथे २००२ मध्ये डॉप्लर हवामान रडार कार्यान्वित झाले. मुंबईत मात्र २००५ साली तसे रडार नव्हते. २६ जुलै २००५ रोजी सकाळी सुरू झालेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तर तेथून २०–२५ किमी. वरील कुलाब्यास केवळ सु. ७३ मिमी. गिरगावात त्या दिवशी जे आकाश दिसत होते, त्यावरून उपनगरांतील प्रलयाची कल्पना येणे शक्य नव्हते. इतक्या मर्यादित क्षेत्रावरील अतिवृष्टीचा माग दूरदूरच्या पर्जन्यमापकांनी लागत नाही. ढगांची वाढ व वाटचाल दर काही मिनिटांनी दाखविणारे रडारच त्यासाठी उपयुक्त ठरते. पुढे कुलाबा येथे डॉप्लर रडार उभारण्यात आले आणि १४ जानेवारी २०२२ रोजी वेरावली (अंधेरी) येथील दुसऱ्या रडारचे उद्‌घाटन झाले. एका रडारच्या शलाकेत उंच इमारत किंवा डोंगर आल्यास त्यामागील भाग छायेत राहतो. दुसऱ्या ठिकाणच्या रडारमुळे ही उणीव काही अंशी भरून निघते. तरीही रडार मुख्यतः तयार झालेला पाऊस दाखविते. त्यामुळे पूर्वसूचनेचा अवधी बहुधा काही तासांचाच मिळतो व तेवढ्यात ती नागरिकांपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे ठरते.

संरक्षण : १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीजवळील जहाजांचा रडारने वेध घेऊन हल्ला केला. परंतु ९ डिसेंबरला दीवजवळ ‘खुकरी’ ही युद्धनौका पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. रेडिओ तरंग समुद्राच्या पाण्यात लवकर शोषले जात असल्यामुळे पाण्याखालील पाणबुडी रडारला दिसत नाही. त्यासाठी ध्वनितरंगांवर चालणारे सोनार वापरावे लागते.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी आलेले दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईजवळ पोहोचले व रबरी होडीतून कुलाब्यानजीकच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्यांपैकी एकाला गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत जिवंत पकडताना सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राणार्पण केले. या हल्ल्यानंतर देशाच्या किनाऱ्यावर रडार, कॅमेरे व जहाजांची आपोआप ओळख पटविणारी यंत्रणा यांची निरीक्षण-साखळी उभारण्यात आली. तथापि लाकडी वा रबरी होडीपासून होणारे परावर्तन क्षीण असते व लाटांच्या परावर्तनात ते सहज हरवते. होडी पडद्यावर दिसली, तरी तो केवळ एक ठिपका असतो. तिच्यात कोण आहे, हे रडार सांगू शकत नाही. म्हणून नौकांची नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, समुद्रातील गस्त आणि कोळी बांधवांची सावध नजर यांची जोड रडारला द्यावी लागते.