कोकराचा श्वास आणि नाळेतील रक्तप्रवाह

🧵 मुदतपूर्व बाळाची फुफ्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून मातेला स्टेरॉइड दिले जाते. हेच औषध गर्भाच्या रक्तप्रवाहाचेही चित्र पालटते, हे वैद्यकाला बऱ्याच उशिरा उमगले. त्याचा हा इतिहास.

१/ ऑकलंड, न्यूझीलंड. १९६० च्या दशकात ग्रॅहम लिगिन्स हे प्रसूती कशामुळे सुरू होते, याचा मेंढ्यांवर अभ्यास करीत होते. गर्भावस्थेत स्टेरॉइड मिळालेले एक कोकरू फार लवकर जन्मले. तरीही ते काही काळ श्वास घेत राहिले. त्याची फुफ्फुसे अंशतः फुगलेली आढळली.

२/ लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. अवेळी कळा सुरू झालेल्या मातांपैकी बीटामेथाझोन मिळालेल्यांच्या बाळांत जन्मानंतर लगेचच्या दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ३.२ टक्के होते. औषध न मिळालेल्यांत १५ टक्के.

३/ असे असूनही हा उपचार रूढ होण्यास दोन दशके लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने त्याची ठाम शिफारस केली ती १९९४ मध्ये.

४/ दरम्यान, १९७७ मध्ये डब्लिन येथे फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी डॉपलर तंत्राने नाळेतील रक्तप्रवाह टिपला. निरोगी गर्भात हृदयाच्या दोन ठोक्यांमधील विसाव्यातही रक्त वारेकडे वाहत राहते. वारेतील रक्तवाहिन्यांचा अवरोध वाढला, की त्या क्षणी प्रवाह थांबतो, प्रसंगी उलटतोही.

५/ हे दोन्ही प्रवाह १९९९ मध्ये एकत्र आले. वॉलेस आणि बेकर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले, की असा खंडित प्रवाह असलेल्या बहुतेक गर्भांत बीटामेथाझोननंतर तो पुन्हा दिसू लागला. मात्र ही सुधारणा तात्पुरती होती.

६/ कारण काय? एक मत असे, की औषधाने वारेतील रक्तवाहिन्या सैलावतात. दुसरीकडे, मेंढीच्या गर्भावरील प्रयोगांत स्टेरॉइडने रक्तदाब वाढलेला दिसला. म्हणजे अवरोध तसाच राहून केवळ रक्ताचा जोर वाढलेला असू शकतो.

७/ हा वाद केवळ ग्रंथांतला नव्हे. परतलेला प्रवाह पाहून ‘धोका टळला’ असे मानले, तर आजारी वारेच्या भरवशावर गर्भ अधिक काळ राहतो. उलट, याच औषधाने गर्भाची हालचाल आणि हृदयगतीतील चढउतार दोन-तीन दिवस मंदावतात. तो धोका समजून घाईने प्रसूती केली, तर अपक्व बाळ विनाकारण जन्मते.

८/ म्हणून डॉपलरची तीच रेषा वाचताना इंजेक्शन कधी दिले, हेही विचारावे लागते. कोकराच्या श्वासाने दिलेला लाभ आजही अबाधित आहे; मात्र त्या लाभाआड काही दिवस गर्भाची खरी अवस्था झाकली जाऊ शकते, याचे भान त्यासोबत राखावे लागते. (समाप्त)