न झालेल्या सामन्याचा निकाल

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे कॉव्हेंट्रीला तीन महिने राहून आलो. (घरच्या मंडळींना माहीत आहेच, फोटो सगळ्यांना पोचलेत.) तिथल्या थंडीत म्हाताऱ्या माणसाने करायचं काय? सकाळी चहा, दुपारी नातवाला शाळेतून आणणं, आणि मधला सगळा वेळ खिडकी. त्या खिडकीतूनच शेजारच्या गृहस्थांशी ओळख झाली. माझ्याच वयाचे, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण आमच्या गावात पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा सामना असला की स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते, हे सांगितल्यावर त्यांनी फाटक उघडलं आणि आत बोलावलं. फुटबॉलवाल्यांचं हे असंच असतं.

त्या दिवशी बाहेर जरा बर्फ भुरभुरत होता. मी म्हटलं, "फार थंडी आहे हो." ते हसले. "ही थंडी? १९६३ चा हिवाळा तुम्ही पाहिला नाहीत!" आणि मग पुढचे दोन तास लिंकनची गोष्ट.

ही गोष्ट सांगण्याआधी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. (मास्तरकीची सवय, जात नाही.) एफए कप ही इंग्लंडची सर्वांत जुनी स्पर्धा, १८७१ साली सुरू झालेली. हरला तो बाहेर. कोण कोणाशी खेळणार हे चिठ्ठ्या काढून ठरतं, त्यामुळे चौथ्या विभागातला गावठी संघ थेट अव्वल संघासमोर उभा राहू शकतो. तिसऱ्या फेरीत बडे संघ उतरतात, आणि ती फेरी असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन थंडीत. सामना बरोबरीत सुटला तर दुसऱ्याच्या मैदानावर पुन्हा खेळायचा. ही फेरसामन्यांची पद्धत २०२४-२५ च्या हंगामापासून मुख्य फेऱ्यांतून बंद झाली. शेजाऱ्यांना त्याचा अजून राग आहे.

तर १९६३. आदल्या वर्षीच्या २६ डिसेंबरला बर्फ पडायला लागला आणि जवळजवळ मार्चपर्यंत तो वितळलाच नाही. त्या जानेवारीचं मध्य इंग्लंडचं सरासरी तापमान शून्याखाली दोन अंश होतं. १८१४ नंतर इतका थंड जानेवारी तिथे झाला नव्हता. केंटमध्ये हर्न बे इथे किनाऱ्याजवळचा समुद्र गोठला. अशा हवेत ५ जानेवारीला कपची तिसरी फेरी होती. ३२ पैकी फक्त ३ सामने होऊ शकले. उरलेले पुढे ढकलले, पुन्हा ढकलले, पुन्हा... ही एक फेरी पुरी व्हायला ६६ दिवस लागले. ११ मार्चला मिडल्सब्रो आणि ब्लॅकबर्न यांचा फेरसामना झाला तेव्हा कुठे ती संपली. या एका फेरीत सामने एकूण २६१ वेळा पुढे ढकलले गेले! स्कॉटलंडमध्ये तर स्ट्रॅनरार आणि एअरड्री यांचा एकच सामना ३३ वेळा पुढे गेला.

मैदान खेळण्याजोगं करण्यासाठी लोकांनी काय काय केलं! वाळू टाकली, पेंढा अंथरला, शेगड्या पेटवल्या. नॉरिचला तर ज्वाला फेकणारी यंत्रं आणून बर्फ वितळवायचा प्रयत्न झाला. वितळलेलं पाणी पुन्हा गोठलं, म्हणजे होता त्याहून गुळगुळीत बर्फ झाला. हॅलिफॅक्सवाले सर्वांत शहाणे. त्यांनी सरळ आपलं मैदान बर्फावर घसरायला लोकांना खुलं केलं. तिकीटविक्रीशी मतलब!

आता शेजाऱ्यांची गोष्ट. कॉव्हेंट्री सिटी तेव्हा तिसऱ्या विभागात होती. व्यवस्थापक जिमी हिल, ज्यांनी खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून १९६१ साली खेळाडूंच्या आठवड्याला २० पौंड या पगारमर्यादेचा शेवट घडवून आणला, तेच. कॉव्हेंट्रीला चिठ्ठीत आलं लिंकन सिटी, चौथ्या विभागातलं, आणि सामना लिंकनच्या सिन्सिल बँक मैदानावर. कॉव्हेंट्रीहून लिंकन म्हणजे कोल्हापूर-बेळगावपेक्षा थोडं जास्तच. शेजारी तेव्हा बारा वर्षांचे. वडिलांनी कबूल केलं होतं की बाहेरगावचा पहिला सामना तुला दाखवीन, लिंकनचाच दाखवीन.

तो सामना पंधरा वेळा पुढे ढकलला गेला.

पंधरा वेळा म्हणजे काय, याचा जरा विचार करा. दर वेळी नवी तारीख. दर वेळी वडील कारखान्यात पाळी बदलून घेणार, आई पाव-लोणी बांधणार, मुलगा रात्री झोपणार नाही. सकाळी पंच मैदान बघणार, बुटाची टाच आपटून बघणार आणि मान हलवणार. घरात फोन नाही. कळायचं ते रेडिओवरून, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात. एकदा तर ते कारखान्यातल्या लोकांनी ठरवलेल्या बसमधून निघालेही होते. अर्ध्या वाटेत चहाला थांबले, तिथे कोणीतरी सांगितलं की सामना नाही. बस परत फिरली. वडील काही बोलले नाहीत, फक्त स्वतःचा मफलर काढून मुलाच्या गुडघ्यांवर घातला. हे सांगताना शेजाऱ्यांनी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले होते.

मधल्या काळात कॉव्हेंट्रीचा संघ हातपाय गोठू नयेत म्हणून आयर्लंडला गेला, फेब्रुवारीत डब्लिनला मँचेस्टर युनायटेडशी मैत्रीचा सामना खेळून आला. पाठीराखे मात्र घरीच.

शेवटी मार्चच्या पहिल्या आठवड्यात लिंकनचा सामना झाला. कॉव्हेंट्रीने ५-१ असा जिंकला. शेजारी मला तो सामना पाहिल्यासारखा सांगत होते. कडेला उपसून टाकलेले बर्फाचे ढीग, दिव्यांचा पिवळा उजेड, पाचवा गोल झाल्यावर वडिलांनी उचलून घेतलं ते. मी रंगून ऐकत होतो. इतक्यात त्यांच्या थोरल्या भगिनी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तू गेलाच नव्हतास. मधल्या वारी होता तो सामना. तुला शाळा होती आणि बाबांना रात्रपाळी. आपण तिघं रेडिओपाशी बसलो होतो."

खोलीत एकदम शांतता झाली. मी माझ्या कपात बघत बसलो.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. मुलांना सांगत आलो की साधन तपासा, तारीख तपासा, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका. घरी येऊन मी तारीख तपासली. बाई बरोबर होत्या, सामना खरंच मधल्या वारी झाला होता. पण यात खोटं कोण बोललं? मफलर खरा होता. पंधरा वेळचं थांबणं खरं होतं. त्या सगळ्या थांबण्याला कुठेतरी एक शेवट हवा होता, तो मनाने नंतर जोडून दिला. रेकॉर्डच्या पुस्तकात झालेल्या सामन्यांचे निकाल असतात. न झालेल्या सामन्यांसाठी माणसांनी काय काय केलं हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

गंमत म्हणजे त्याच हिवाळ्यात इंग्लंडमध्ये न झालेल्या सामन्यांचे निकाल खरोखर अधिकृतपणे लावले गेले! तिथे फुटबॉल पूल्स नावाचा प्रकार असतो, आपल्याकडच्या आकड्यासारखाच, पण कायदेशीर. लाखो लोक आठवड्याला कूपन भरायचे. सामनेच होईनात तेव्हा कंपन्यांचा धंदा बसला. मग २६ जानेवारी १९६३ रोजी लंडनमध्ये एक मंडळ बसवलं. टॉम फिनी, टॉमी लॉटन, टेड ड्रेक, जॉर्ज यंग हे जुने खेळाडू, आर्थर एलिस हे पंच, आणि अध्यक्षस्थानी लॉर्ड ब्रॅबझन. बंद दाराआड बसून त्यांनी ठरवायचं की आज सामना झाला असता तर कोण जिंकलं असतं. ते निकाल जाहीर झाले, पैसे वाटले गेले. आपला संघ घरी शेगडीशी बसलेला असताना हरला, हे ऐकून पाठीराख्यांना काय वाटलं असेल!

पुढे कॉव्हेंट्रीने मार्च संपायच्या आत पोर्ट्समथ आणि सुंदरलंड यांना हरवलं, आणि सहाव्या फेरीत मँचेस्टर युनायटेडकडून १-३ अशी हरली. युनायटेडनेच तो कप नेला. ४ मेची अंतिम लढत २५ मेला ढकलावी लागली होती, तीत त्यांनी लेस्टरला ३-१ ने हरवलं. त्या संघात बॉबी चार्लटन आणि बिल फोक्स होते, १९५८ च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या बर्फात झालेल्या विमान अपघातातून वाचलेले. तेही बाहेरगावच्या सामन्याहूनच परतत होते. कॉव्हेंट्रीचं जुनं हायफील्ड रोड मैदान क्लबने २००५ साली सोडलं, तिथे आता घरं उभी आहेत. लेकीने गाडीतून दाखवलं. बघण्यासारखं काही नाही.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण दादा आठवला. १९६४-६५ च्या सुमारास दादा मला एसटीने बेळगावला सामना बघायला घेऊन गेला होता. वळवाचा पाऊस असा कोसळला की मैदानाचं तळं झालं. आम्ही एका हॉटेलच्या पत्र्याखाली भजी खाल्ली आणि रात्रीच्या गाडीने परत आलो. माझी आठवण ही अशी. दादा मात्र शेवटपर्यंत म्हणायचा की पाऊस थांबला, सामना झाला, आणि आपण तो पाहिला. दर गणपतीत आमचं यावरून भांडण. मी वर्तमानपत्र शोधून तुला दाखवतोच, असं मी त्याला दहा वेळा बजावलं होतं. तीन वर्षांपूर्वी दादा गेला. कात्रण मी कधी शोधलं नाही, आणि आता शोधावंसं वाटत नाही. बेळगावच्या मामेभावाने हे वाचलं तर कृपया त्यानेही शोधू नये.

निघायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. पत्रा, भजी, रात्रीची एसटी, दादाचा हट्ट. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग जरा पुढे वाकून विचारलं, "तुमचा भाऊ स्कोअर काय सांगायचा?"

"२-१," मी म्हटलं. "दुसरा गोल हेडरने."

त्यांनी मान डोलावली.