आळी, बोळ आणि बांध : पुण्याच्या विस्ताराविषयी एक टिपण

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. ‘आळी’ म्हणजे ओळ. घरांच्या ओळीवरून वाटेस नाव पडले. पेठांतील आळ्या बोळांनी परस्परांस जोडलेल्या असल्याने पादचाऱ्यास एका वाटेऐवजी दुसरी घेता येते. 1961 च्या पानशेत-पुरानंतर वस्ती पेठांबाहेर वेगाने सरकली. पुढे सिंहगड रस्त्यालगतची शेते एकेक करून बांधली गेली. शेताचा बांध ओलांडता येत असे. त्या जागी उभी राहिलेली सोसायटीची भिंत ओलांडता येत नाही. शेजारच्या गल्लीत जाण्यास पुष्कळदा मुख्य रस्त्याचाच फेरा पडतो. 2017 साली 11 व 2021 साली 23 गावे महापालिकेत आली. विस्तार सामान्यतः क्षेत्रफळाने मोजतात; आमच्या मते तो अशा फेऱ्यांनीही मोजावा. नव्या वस्तीत ‘सोसायटी’ हा शब्द रुजला, ‘बोळ’ मात्र पेठांतच राहिला.