स्वयंचलित फाटक अडते तेव्हा : निवासी संकुलांसाठी तपासणीचा क्रम

म्हैसूर : कुक्करहळ्ळी तलावालगतच्या सरस्वतीपुरम या निवासी भागात बंगल्यांच्या जोडीने अपार्टमेंट इमारतीही आहेत. अशा सामायिक संकुलांत वाहनांसाठी बसवलेले मोटारीचे फाटक बंद पडले, की सर्वच रहिवाशांची वाट अडते. दाराशी रुग्णवाहिका किंवा अग्निशमन बंब उभा असेल, तर ही अडचण जिवावर बेतू शकते. म्हणून दुरुस्तीपूर्वीचा पहिला प्रश्न एकच : फाटक हाताने उघडता येते का?

बहुतेक यंत्रांत मोटार आणि फाटक यांची जोडणी सोडवणारी चावी किंवा खटका असतो. ही चावी सुरक्षारक्षकाच्या चौकीत हवी आणि प्रत्येक पाळीतील रक्षकाला तिचा सराव हवा. जोडणी सोडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. अन्यथा वीज परत येताच मोटार अचानक सुरू होऊ शकते. उतारावरील फाटक जोडणी सुटताच आपोआप घरंगळू शकते, याचेही भान ठेवावे.

वाट मोकळी झाल्यावर बिघाडाचा शोध क्रमाने घ्यावा. फाटक अजिबात हलत नसेल, तर आधी वीजपुरवठा पाहावा. गळती ओळखणारा ब्रेकर वारंवार पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करू नये. तारांच्या जोडात किंवा पेटीत पाणी शिरल्याचे ते लक्षण असू शकते. मोटार गुणगुणते पण फिरत नाही, अशा वेळी कपॅसिटर निकामी झाल्याची शक्यता असते. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो, म्हणून हे काम तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

एकाच वाहनाला अडचण येत असेल, तर दोष रिमोटच्या बॅटरीत किंवा काचेवरील टॅगमध्ये शोधावा. भारतात असे टॅग सामान्यतः 865 ते 867 मेगाहर्ट्झ या लहरींवर चालतात. काचेवरील धातुमिश्रित फिल्म त्या लहरी अडवते. सर्वच वाहनांना अडचण असेल, तर टॅग वाचणारे यंत्र किंवा अँटेना तपासावी.

फाटक उघडते पण बंद होत नाही, किंवा बंद होता होता परत फिरते, ही नेहमीची तक्रार. फोटो सेन्सरवरील धूळ, कोळ्याचे जाळे, धक्क्याने बदललेली दिशा किंवा समोरून येणारे तिरपे ऊन ही त्याची कारणे असतात. मऊ कोरड्या फडक्याने काच पुसणे हा पहिला उपाय. फाटक अर्ध्यावर थांबत असेल, तर जोडणी सोडून ते हाताने ढकलून पाहावे. जड वाटले, तर दोष रुळातील खडी, झिजलेली चाके किंवा सरकलेली दंतपट्टी यांत असतो. टोकाला पोहोचूनही मोटार थांबत नसेल, तर लिमिट स्विच तपासावा.

सर्वांत धोकादायक असतो तो तात्पुरता उपाय. सेन्सर टाळून तारा थेट जोडणे किंवा मोटारीचा जोर वाढवणे, यामुळे फाटक चालू लागते. पण वाटेत मूल आले तरी ते थांबत नाही. 2010 मध्ये ब्रिटनमधील मँचेस्टर आणि ब्रिजेंड येथे काही दिवसांच्या अंतराने दोन लहान मुलींचा विद्युत फाटकांत सापडून मृत्यू झाला. युरोपीय मानकानुसार फाटकाची कड आणि खांब यांच्यातील 5 ते 50 सेंटीमीटरच्या फटीत आघाताचा जोर 400 न्यूटनपेक्षा अधिक नसावा. सेन्सर नादुरुस्त असेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत फाटक हातानेच चालवावे.

देखभालीचे वेळापत्रक स्थानिक पावसाशी जुळवावे. म्हैसूरमध्ये मे महिन्यातील वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील सरी जोरदार असतात. त्यामुळे मार्च आणि ऑगस्टअखेर तपासणी सोयीची ठरते. कोकण आणि मुंबईत ती मेअखेरपूर्वी उरकावी. अर्थिंग, वीज लाट रोखणारे उपकरण आणि रुळाचा निचरा यांची पाहणी त्यात असावी.

फाटक ही सामायिक सुविधा असल्याने तिची जबाबदारी रहिवासी संघटनेची किंवा सोसायटीची असते. प्रत्येक बिघाडाची तारीख, लक्षण आणि केलेली दुरुस्ती यांची नोंदवही ठेवल्यास पुन्हा पुन्हा उद्भवणारा दोष लवकर ओळखता येतो.