लेव्हल, मनसब आणि एकशे आठ रामायणं

हल्ली नात्यातल्या कुठल्याही पोराला "काय चाललंय?" विचारलं की उत्तर येतं, "स्किल वाढवतोय." आपण कौतुकाने मान डोलवावी, तर कळतं की स्किल ह्याचं नाही, गेममधल्या गड्याचं वाढतंय :)

घरातल्या काका-मावश्यांसाठी थोडक्यात सांगतो. रोल प्लेइंग गेममध्ये आपण एक पात्र घ्यायचं आणि त्याला वाढवायचं. बळ, चपळाई, बुद्धी अशा प्रत्येक गुणाला आकडा असतो. हा प्रकार कॉम्प्युटरवर जन्मला नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्यात कागद, पेन्सिल आणि फासे लागायचे. पात्राचे गुण सहा, आणि प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे. पुढे फाशांचं काम कॉम्प्युटरने उचललं.

२००६ साली 'ऑब्लिव्हियन' आला. त्यातली युक्ती मला फार आवडते: जे कराल तेच वाढेल. उड्या मारल्या की उड्यांचं कसब वाढतं, तलवार चालवली की तलवारीचं. एकूण एकवीस कौशल्यं, त्यातली सात आपण 'मुख्य' म्हणून निवडायची. मुख्य कौशल्यांत मिळून दहा पायऱ्या चढलो की झोपायचं, उठल्यावर एक लेव्हल वर. 'करून करून येतं' असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगत आली, त्यातलंच हे.

पण माणूस हिशेबी. आपली लेव्हल वाढली की शत्रूही तगडे होतात, हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं. मग हुशार मंडळींनी तोडगा काढला, की जे आपण खरंच वापरणार ते 'मुख्य' म्हणून निवडायचंच नाही! म्हणजे लेव्हल आपल्याला हवी तेव्हाच चढते. आणि चोरपावलांचं कसब वाढवायचं असेल तर झोपलेल्या माणसाजवळ भिंतीला तोंड लावून चालत राहायचं, बटण दाबून ठेवायची काहीतरी सोय करायची आणि आपण जेवायला जायचं. परत येईपर्यंत आकडा वाढलेला असतो. पात्र मात्र त्याच भिंतीशी.

आता आमच्या भागाकडे येतो. माणसाची पायरी आकड्यात मोजणं आपल्याला काही नवीन नाही. मनसब म्हणजे दुसरं काय होतं? हजारी, पंचहजारी, सगळे आकड्यातले हुद्दे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले साध्या शिलेदारीपासून निजामशाहीत वर चढत गेले. बखरी त्यांना पंचहजारी मनसब मिळाल्याचं सांगतात, पुणे-सुपे परगण्यांची जहागीरही मिळाली. आणि इंदापूरच्या लढाईत ते पडले. त्यांची गढी इंदापुरात आहे. गेममध्ये मेलं की मागचा सेव्ह उघडता येतो. इंदापुरात ती सोय नव्हती. मागे लहान वयाचे शहाजीराजे राहिले, आणि त्यांना आपलं कर्तृत्व पहिल्यापासून उभं करावं लागलं. वडिलांची जहागीर मुलाकडे येते. हात मात्र ज्याचा त्याला तयार करावा लागतो.

इंदापूरहून बारामतीला या. इथे कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांचा वाडा. बाबूजी नाईक मोठे सावकार, खुद्द पेशव्यांना कर्ज देणारे, शिवाय पेशव्यांचे सोयरे. त्यांचा भाऊ आबाजी नाईक हा पहिल्या बाजीरावांच्या बहिणीचा, भिऊबाईंचा नवरा. १७४० साली बाजीराव गेले तेव्हा बाबूजींनी पेशवेपदासाठीच हालचाल केली. रघूजी भोसल्यांचा पाठिंबा होता, शाहू महाराजांना मोठा नजराणा द्यायची तयारी होती. हल्लीच्या भाषेत सांगायचं तर पैसे भरून थेट वरची लेव्हल. महाराजांनी वस्त्रं दिली ती नानासाहेबांना.

असो. पण ह्याच बाबूजींच्या पदरी पुढे एक असा माणूस आला, की आज बारामतीचं नाव जुन्या मराठी कवितेत त्याच्यामुळे आहे. मोरोपंत पराडकर. जन्म पन्हाळ्याचा, १७२९ चा. काव्यशास्त्राचं शिक्षण पन्हाळ्यालाच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये ह्यांच्याकडे. तरुणपणी बारामतीला आले ते कायमचे, १७९४ साली गेलेही इथेच. काम काय, तर नाइकांच्या वाड्यात पुराण सांगणं आणि मुलांना शिकवणं. आणि उरलेल्या वेळात लिहिणं, लिहिणं आणि लिहिणं.

जुन्या मराठी कवींची वाटणी करणारं एक पद आपल्यापैकी अनेकांना शाळेपासून ठाऊक असेल. त्यात वामनाला श्लोक दिलाय, तुकोबांना अभंग, ज्ञानेश्वरांना ओवी आणि मोरोपंतांना आर्या. म्हणजे ज्याचं त्याचं 'मुख्य कौशल्य' ठरलेलं. मोरोपंतांची आर्या शास्त्राने बघितली तर बहुतेक ठिकाणी गीती असते. आर्येच्या चार चरणांत १२, १८, १२, १५ मात्रा. गीतीत शेवटच्याही १८. ह्या मापात त्यांनी अख्खं महाभारत बसवलं, ते 'आर्याभारत'. मात्रा मोजायला बोटं लागेनाशी होईपर्यंत हात बसला असणार.

एवढं झाल्यावर दुसरा कुणी थांबला असता. पंतांनी रामायणं लिहायला घेतली. एकशे आठ! प्रत्येकाला काहीतरी नवी अट. कुठे वृत्ताची, कुठे अक्षरांची. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरांचा मंत्र अक्षराअक्षराने गुंफायचा, अशीही रामायणं आहेत. माझं आवडतं म्हणजे निरोष्ठ रामायण. ओठ मिटून उच्चारायची अक्षरं त्यात वर्ज्य: प, फ, ब, भ, म. म्हणजे रामाची गोष्ट सांगायची आणि 'राम' म्हणायचं नाही! लक्ष्मण नाही, भरत नाही, हनुमान नाही. मी एक ओळ करून बघितली: "दाशरथीने दशाननाला ठार केलं." माझी मजल इथवर. पंतांनी आख्खी कथा सांगितली.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तीच गोष्ट एकशे आठ वेळा? हे तर नुसतं ग्राइंडिंग झालं."

पोराला हसू नका. पंतांवरचा हा आक्षेप जुनाच आहे, की हा कवी नव्हे, शब्दांची कसरत करणारा पंडित. १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मोरोपंतांच्या कवितेवर लांबलचक लिहून त्यांची बाजू घेतली, ती उगाच नाही. मला स्वतःला काही रामायणांत कसरत दिसतेच.

पण भिंतीला तोंड लावून चालणं आणि हे, ह्यात एक फरक आहे. एकशे आठ हा जपमाळेच्या मण्यांचा आकडा. माळ ओढणारा पन्नासाव्या मण्याला 'आता लेव्हल किती?' म्हणून विचारत नाही. शिवाय समोर माणसं होती. पंतांच्या आर्या हरदासांनी उचलल्या आणि कीर्तनांतून गावोगाव नेल्या. कानाला खटकलेली ओळ कीर्तनात टिकत नाही. भिंत कधी दाद देत नाही, आणि जांभईही देत नाही.

दुसरं म्हणजे 'केकावली'. ही उतारवयातली रचना मानतात. केका म्हणजे मोराची हाक. मोरोपंत म्हणून मयूर, आणि म्हणून केका. इथे पंतांनी हातखंडा आर्या बाजूला ठेवली आणि पृथ्वी वृत्त घेतलं, चरणाला १७ अक्षरं. विषय काय, तर देवाशी भांडण. तू एवढ्यांना तारलंस, मग माझ्याच वेळी का गप्प? पांडित्य इथेही भरपूर आहे, पण ते एका घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या कामाला आलंय. दादोबा पांडुरंगांसारख्या व्याकरणकाराने १८६५ साली त्यावर 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. एकशे आठ रामायणांचा सराव कशासाठी होता, हे मला तरी केकावली वाचताना कळतं.

हे सगळं लिहायचं कारण, आज बारामतीत अभ्यासिका भरलेल्या असतात. इंदापूरकडची पोरंही एसटीने शिकायला येतात. कुठल्या धड्याला किती मार्क, कुठला ऑप्शनला टाकायचा, कुठलं सर्टिफिकेट कुठे उपयोगी पडेल, सगळा हिशेब तोंडपाठ. त्यांना नावं ठेवणार नाही. मालोजीराजांनीही हिशेब केलाच असेल, घर चालवायचं तर करावाच लागतो. फक्त जे आपल्याला मनापासून येतं तेच 'मुख्य' यादीतून वगळायची ती गेममधली युक्ती इथे वापरू नका. तिथे शत्रू सोपे राहतात. इथे वीस वर्षांनी आपलं आपल्यालाच आठवत नाही की आपल्याला काय आवडत होतं.

आणि हो, दोन ओळींत निरोष्ठ रामायण जमतंय का बघा. जमलं तर मला जरूर पाठवा. भाच्याने एक केलंय. त्यात 'म' आलाय, पण त्याला अजून दिसलेला नाही :)