रात्रशाळेपासून मोबाइलपर्यंत : शिरोलीच्या पाळीतला विद्यार्थी



ऑनलाइन शिक्षण परिणामकारक आणि रंजक कसे करावे यावर हल्ली पुष्कळ चर्चा चालते. अ‍ॅप कोणते घ्यावे, व्हिडिओ किती मिनिटांचा असावा, चित्रे किती टाकावीत. आमचा प्रश्न याच्या आधीचा आहे. हे शिक्षण आखणारा माणूस कोणाचा दिवस डोळ्यांसमोर ठेवतो? ज्याला घरात स्वतंत्र खोली, स्वतःचा मोबाइल आणि सकाळी अकराची मोकळीक आहे त्याचा, की शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचा आणि त्याच्या पोरांचा? आपल्या चळवळीने हा प्रश्न मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी हाताळला आहे, म्हणून आधी तिकडे पाहू.

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येत नाही, याला त्याचा आळस कारण नाही, शाळेची वेळ कारण आहे, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी वेळच बदलली. आजच्या भाषेत यालाच ‘विद्यार्थीकेंद्री आखणी’ म्हणतात आणि त्यावर पदव्या मिळतात.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. या कायद्याचे कौतुक सगळे करतात. पण महाराजांची खरी दूरदृष्टी आम्हाला वसतिगृहांत दिसते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृहही होते. कायद्याने शाळेचे दार उघडते, पण अभ्यासाला जागा, दिवा आणि दोन वेळचे जेवण कोणी द्यायचे? ते वसतिगृहाने दिले. पुढे १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. हा हुकूम लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

बाबासाहेबांनी हीच वाट पुढे नेली. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. तिथले वर्ग सकाळी लवकर भरत, कारण अनेक विद्यार्थ्यांना नंतर नोकरीवर जायचे असे. स्वतः मजुरांच्या चाळीत राहून शिकलेल्या माणसाला वेळापत्रकाची किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

आणि ‘रंजक’ म्हणाल, तर त्याचाही धडा आपल्याकडेच आहे. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाले तेव्हा वस्त्यांमध्ये वाचता येणारे बोटांवर मोजण्याइतके. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग वाद घालायचा. एका अंकामागे वाचक एक आणि विद्यार्थी दहा-वीस! पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या जलशांनी हेच काम गाण्यातून आणि संवादातून केले. जलसा करमणूक करत होता, पण ऐकणारा घरी जाताना एक प्रश्न घेऊन जात होता. नुसत्या चकचकीत व्हिडिओने हे होत नाही.

आता २०२० कडे या. माणगाव परिषद २१ आणि २२ मार्च १९२० ला भरली. ते माणगाव आणि आमची पुलाची शिरोली एकाच हातकणंगले तालुक्यातली. त्या परिषदेला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, २२ मार्च २०२० ला, देशात जनता कर्फ्यू होता. शाळा बंद होत्या, फौंड्र्या थंड पडल्या आणि वर्ग मोबाइलवर गेला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी (२०१७-१८) आधीच सांगून बसली होती की इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के घरांतच आहे. संगणक तर ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत. आकडे सरकारचेच होते. तरीही थेट वर्ग ठरलेल्या वेळी, सलग, व्हिडिओवर भरले. घरात एक मोबाइल, तो बापाच्या खिशात, बाप कारखाना सुरू झाल्यावर पहिल्या पाळीला. १९१९ साली कोल्हापुरात मोडलेली वेगळी शाळा इथे पुन्हा उभी राहिली, मोबाइलवाल्यांची एक आणि बिनमोबाइलवाल्यांची दुसरी. तिला जातीचे नाव नव्हते, पण दुसऱ्या शाळेत कोणाची पोरे होती हे वस्तीत फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्गच बुडाला.

याच काळात सोलापूरच्या नीलमनगरात, कामगारांच्याच वस्तीत, आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मूल येता-जाता वाचते, कितीही वेळा वाचते, रेंज लागत नाही. आमच्या मते त्या काळातली ही सर्वांत आधुनिक शिक्षणपद्धती होती.

म्हणून आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहोत असे कोणी समजू नये. कोलंबिया विद्यापीठाने ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चा एक अभ्याससंच इंटरनेटवर मोफत ठेवला आहे. मजकुराचे क्रमांक दिलेले छोटे भाग, सोबत टिपणे आणि अभ्यासकांची भाष्ये. लाहोरमध्ये जे भाषण बाबासाहेबांना करू दिले गेले नाही, ते आज शिरोलीतला पोरगा चहाच्या सुट्टीत एक-एक भाग करून वाचू शकतो. अडचण इंग्रजीची. असाच संच मराठीत, आपल्या टिपांसह, करणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. पाठ थेट भरवायचा नाही, आधी ध्वनिमुद्रित करून पाठवायचा, म्हणजे रात्रपाळीवाला सकाळी ऐकेल. आवाजाची फाइल, कारण ती व्हिडिओपेक्षा खूप कमी डेटा खाते आणि एकदा उतरवली की रेंज नसली तरी चालते. सात-आठ मिनिटे झाली की थांबून एक प्रश्न, आणि उत्तर वहीत लिहूनच पुढे जायचे. नुसते ऐकलेले दुसऱ्या दिवशी उरत नाही, स्वतः आठवून लिहिलेले उरते. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला मोबाइलवाल्यासोबत जोडायचे, ‘मूकनायक’सारखे. उदाहरणे इथलीच घ्यायची. टक्केवारी शिकवताना बँकेचे व्याज काढत बसण्यापेक्षा बिडातला कार्बन घ्या, साधारण अडीच ते चार टक्के. बाप रोज जे ओततो त्यातले गणित पोराला परके वाटत नाही. आणि रविवारी विहारात समोरासमोर बसायचे, कारण शंका विचारायला माणूस लागतोच.

पुढचा पाठ पगाराच्या स्लिपवर आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता, जादा कामाचे पैसे, १२ टक्के पीएफची कपात. ध्वनिफीत बुधवारी जाईल. येत्या रविवारी घरातली एक स्लिप सोबत आणा, नावाचा भाग झाकून.