धुरावरचा कर आणि लोकांचा वाटा

कर घेणारा हात सर्वांना दिसतो. परत देणारा हात दिसतोच असे नाही. कॅनडातील एका न्याय्य योजनेचा शेवट बऱ्याच अंशी या साध्या गोष्टीमुळे झाला. ती हकीकत आज आपल्याला पाहावयाची आहे.

कोळसा, पेट्रोल, नैसर्गिक वायू जाळले की कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो आणि पृथ्वी तापते. जाळणाऱ्याला त्याचे मोल पडत नाही. नुकसान मात्र साऱ्यांचे होते. दुसऱ्याच्या अशा नुकसानीचे मोल कराच्या रूपाने किमतीत धरावे, हा विचार इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली मांडला. परंतु इंधनावरचा कर गरिबाला अधिक जाचतो. यावर उपाय असा की, हवा सर्वांची, म्हणून कराचा पैसाही सर्वांना सारखा वाटावा. समजा, श्रीमंताने ९०० डॉलर भरले आणि गरिबाने ३००. दोघांना सहाशे-सहाशे परत मिळाले, तर गरिबाच्या गाठीला ३०० उरतात. "परतच द्यायचे, तर घेता कशाला?" असे कोणी विचारील. पण परतावा जाळण्यावर अवलंबून नसतो. जो इंधन वाचवील त्याचा कर वाचतो आणि वाटा तसाच राहतो.

ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १ जुलै २००८ रोजी टनामागे १० डॉलर कर बसवला आणि त्याचे उत्पन्न मुख्यतः इतर करांत सवलत देऊन फेडले. २०१९ च्या एप्रिलपासून कॅनडाच्या केंद्र सरकारने, स्वतःची पुरेशी व्यवस्था नसलेल्या प्रांतांत, टनामागे २० डॉलर आकार सुरू केला. त्यातला सुमारे ९० टक्के पैसा कुटुंबांना मिळे. वाटा उत्पन्न पाहून नव्हे, तर घरातील माणसे पाहून ठरे. थेट खर्चापुरते पाहिले, तर बहुतेक कुटुंबांना भरल्यापेक्षा अधिकच मिळत होते.

मग बिघडले कोठे? पहिली वर्षे हा पैसा प्राप्तिकराच्या विवरणपत्रात मिसळून जाई. जुलै २०२२ पासून तो तिमाहीने थेट मिळू लागला. पण 'क्लायमेट ॲक्शन इन्सेन्टिव्ह' या नावावरून तो कशाचा, हे सामान्य माणसाला उमगेना. नावात 'कार्बन' शब्द आला तो २०२४ साली. तोवर दर ८० डॉलरवर गेला होता आणि पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे १७.६ सेंट आकार पडत होता. त्यातच ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने घर तापवण्याच्या तेलाला तीन वर्षांची सूट दिली. तिचा लाभ विशेषतः अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांना झाला. वायूवर घर तापवणारे सस्कॅचेवानचे लोक विचारू लागले, "आम्हीच काय पाप केले?" समानतेवर उभ्या असलेल्या योजनेला हा घाव वर्मी बसला.

१ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरील आकार बंद झाला आणि त्याच महिन्यात शेवटचा परतावा वाटला गेला. मोठ्या उद्योगांवरील कार्बनची आकारणी तेवढी राहिली.

यावरून ही कल्पनाच चुकीची होती, असे म्हणणे बरोबर होणार नाही. हिशेब बरोबर होता. तो लोकांच्या पदरात दिसेल असा पडला नाही, आणि नियम सर्वांना सारखा राहिला नाही. पुढे कोणत्याही देशाने हा मार्ग धरला, तर वाटा आधी हातात द्यावा, त्याचे नाव स्पष्ट सांगावे आणि कोणालाही सूट देण्यापूर्वी दहादा विचार करावा.